पानांची तिथी
जपानमधील मोमिजी-दर्शन आणि योग्य दिवसाचा शोध

आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त तोक्योत असतात. आईवडिलांनी एकदा तरी तिकडे यावे आणि तेथील शरदातले लाल रान पाहावे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा आग्रह. प्रकृतीच्या कारणाने लांबत गेलेला हा प्रवास अखेर ठरला, तेव्हा स्नेही आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘अहो, आयुष्यात हे जाणे एकदाच व्हायचे. तुम्ही जुन्या पुस्तकांत रमणारी माणसे. तेव्हा पाने ऐन रंगात असतात तो नेमका दिवस कोणता, एवढे पाहून सांगा. त्या तारखेची तिकिटे काढतो.’ प्रश्न साधा वाटला. पंचांग उघडून एखादी तिथी काढून द्यावी तितक्या सहजपणे आपण उत्तर देऊ, असा आमचाही समज होता. प्रत्यक्षात शोध घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न जपानी माणूस सुमारे तेरा शतके विचारीत आला आहे. त्या विचारण्याचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभीच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याकडे शरद म्हटला की निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे आणि निवळलेले नदीचे पाणी डोळ्यांसमोर येते. पाने आठवत नाहीत. पानगळ शिशिराची, आणि तीही धुळकट. सातपुड्याच्या रानात फाल्गुन-चैत्रात कुसुंब लालभडक होतो खरा, पण ती लाली नव्या पालवीची असते. काश्मीरचा चिनार सोडला तर, झाडावरून उतरू घातलेल्या पानाचे रूप पाहण्यासाठी मुद्दाम प्रवास करावा ही कल्पना आपल्या परंपरेत फारशी रुजलेली नाही. जपानात मात्र त्या प्रवासाला स्वतंत्र नाव आहे: मोमिजी-गारी. ‘मोमिजी’ म्हणजे रंगलेले पान, आणि व्यवहारात विशेषतः मेपलचे पान; ‘गारी’ म्हणजे शिकार. रानात जाऊन अळंबी किंवा फळे गोळा करण्यालाही हाच शब्द लावतात. मेपलला तेथे ‘काएदे’ असेही म्हणतात. पानाचा आकार बेडकाच्या पंज्यासारखा, म्हणून ‘बेडकाचा हात’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून हे नाव आले. त्यातल्या सर्वांत परिचित जातीला ‘इरोहा-मोमिजी’ म्हणतात, कारण तिच्या पानाची सात टोके मुले तेथील वर्णमालेच्या पहिल्या सात अक्षरांनी, म्हणजे आपण ‘अ आ इ ई’ म्हणावे तशी, मोजीत असत.

आठव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘मान्योश्यू’ या सुमारे साडेचार हजार कवितांच्या संग्रहात या पानांचा उल्लेख वारंवार येतो. गमतीची गोष्ट अशी की तेथे ‘मोमिजी’ हा शब्द बहुधा ‘पिवळे पान’ अशा अर्थाच्या चिनी चिन्हांनी लिहिलेला आढळतो. ‘लाल पान’ ही लेखनपद्धती पुढील काळात रूढ झाली. याच संग्रहात राजकन्या नुकादा हिची एक प्रसिद्ध कविता आहे. सातव्या शतकात सम्राट तेन्जी याच्या दरबारात वाद निघाला: वसंतातली फुललेली टेकडी श्रेष्ठ की शरदातली रंगलेली? नुकादाने कौल शरदाला दिला. तिने दिलेले कारण लक्षणीय आहे. वसंतात झाडी इतकी दाट होते की फूल दिसले तरी हाती येत नाही. शरदात रंगलेले पान हातात घेऊन पाहता येते, आणि जे अजून हिरवे आहे ते हळहळत मागे सोडावे लागते. अर्थात, पाने सगळी एकदम रंगत नाहीत, काही रंगलेली तर काही हिरवी राहिलेली असतात, ही जाण या परंपरेच्या उगमापाशीच आहे. पुढे आम्हांला तिचा उपयोग होणार आहे.

सम्राट दाइगोच्या आज्ञेने ९०५ साली ‘कोकिनश्यू’ हा राजमान्य काव्यसंग्रह सिद्ध होऊ लागला. त्यात ऋतूंना सहा खंड दिलेले आहेत. वसंताला दोन, शरदाला दोन, आणि ग्रीष्म व हिवाळा यांना प्रत्येकी एक. फुलांच्या आणि पानांच्या ऋतूंना दुप्पट जागा देणारा हा हिशेब पुढे अनेक शतके प्रमाण मानला गेला. तात्सुता नदीत वाहत जाणाऱ्या लाल पानांवर आरिवारा नो नारिहिरा याने केलेली सुप्रसिद्ध कविता याच संग्रहात आहे. तिच्या शिरोटिपणीवरून मात्र असे कळते की कवीसमोर नदी नव्हती. एका सम्राज्ञीच्या महालातील पडद्यावर रंगवलेले नदीचे चित्र होते. पानांच्या तिथीशी झगडण्यापेक्षा चित्र पाहावे, ही सोय त्या काळीही होती. चित्रातली पाने गळत नाहीत आणि पाहणाऱ्याला उशीरही होत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष जायचे होते त्यांनी काय केले? दहाव्या शतकाच्या आरंभी निवृत्त सम्राट उदा क्योतोच्या पश्चिमेस ओई नदीवर गेला होता. समोरची ओगुरा टेकडी पूर्ण रंगली होती. आपला पुत्र, राज्यावर असलेला सम्राट दाइगो, यानेही हे पाहायला यावे असे तो बोलून गेला. पण सम्राटाची स्वारी निघायची म्हणजे मुहूर्त, परिवार, पालख्या, वाटेचा बंदोबस्त आलाच. तोवर पाने कशी राहावीत? तेव्हा सोबत असलेला फुजिवारा नो तादाहिरा, जो पुढे राज्याचा कारभारी झाला, त्याने कविता रचली आणि ओगुराच्या मेपलांनाच विनंती केली की, तुम्हांला मन असेल तर आणखी एका राजस्वारीपर्यंत धीर धरा. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका याने शंभर कवींची एकेक कविता निवडली, तीत ही कविता आली आणि घरोघरी पाठ झाली. ओईवरील राजस्वाऱ्यांची प्रथा या प्रसंगानंतर सुरू झाली, असे एक जुनी कथा सांगते. पाने थांबली होती काय, याविषयी ती कथा काही बोलत नाही.

अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू हिने ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली. तिचे सातवे प्रकरण शरदातल्या पानांच्या उत्सवाचे आहे. दहाव्या महिन्यात सम्राटाची सुझाकू प्रासादाकडे स्वारी ठरते. नृत्ये बसवली जातात. पण अंतःपुरातील स्त्रियांना सोबत जाता येणार नाही, आणि विशेषतः फुजित्सुबो या लाडक्या राणीला हे पाहायला मिळणार नाही, याचे सम्राटाला वाईट वाटते. म्हणून तो राजवाड्याच्या अंगणातच रंगीत तालीम करवितो. गेंजीचे अविस्मरणीय नृत्य त्या तालमीत होते. उत्सवाच्या खऱ्या दिवशी लेखिका एक बारीक गोष्ट टिपते. नाचता नाचता गेंजीच्या शिरोभूषणात खोचलेल्या मोमिजीच्या डहाळीची पाने बरीचशी गळून जातात, आणि एक सरदार पुढे होऊन समोरच्या बागेतले शेवंतीचे फूल तोडून तेथे खोचतो. योजना राजाची, दिवस नेमलेला, तयारी महिनाभराची. तरी ऐन वेळी डहाळी उघडी पडलीच. मुरासाकीने त्याबद्दल खेद केलेला नाही. शेवंती पुढे करणारा हात तिला अधिक महत्त्वाचा वाटला असावा, असे आम्हांला वाटते.

नियोजनाच्या अतिरेकाची कथा हवी असेल तर ती केन्को या भिक्षूने सांगितली आहे. १३३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘त्सुरेझुरेगुसा’ या त्याच्या स्फुटसंग्रहातील चोपन्नावे प्रकरण पाहावे. निन्ना-जी मठात एक देखणा बालशिष्य राहत होता. त्याला सहलीला नेऊन चकित करावे, असे काही भिक्षूंच्या मनात आले. त्यांनी गाण्या-बजावण्यात तरबेज असे सोबती जमवले, खाण्याचा एक सुरेख डबा करवून घेतला, पेटीत घातला, जवळच्या नाराबी टेकडीवर नेऊन पुरला आणि वर लाल पाने पसरली. मग मठात येऊन शिष्याला घेऊन गेले. इकडेतिकडे फिरून ठरल्या जागी टेकले. पूर्वी चीनच्या बाइ च्यूइ या कवीने रानात लाल पाने जाळून मद्य ऊन केल्याचे वर्णन केले होते. तो संदर्भ मनात ठेवून एकाने म्हटले, आता कोणी पाने पेटवील तर बरे! दुसऱ्यांनी जपमाळा चोळल्या, मुद्रा केल्या, मंत्रबळाने काही प्रकट करीत असल्याचा आव आणला आणि पाने बाजूला सारली. खाली काहीच नव्हते. जागा चुकली असेल म्हणून सगळी टेकडी उकरली, डबा नाहीच. पुरताना कोणीतरी पाहिले होते आणि मंडळी मठाकडे वळताच तो लांबवला होता. भिक्षू प्रथम अवाक् झाले, मग आपसांत भांडले आणि रागारागाने परतले. केन्कोचे तात्पर्य असे की, एखादी गोष्ट फार रंगावी म्हणून फार खटपट केली की ती हमखास फसते. आमच्या स्नेह्यांना ही कथा सांगितली तेव्हा ते मनमुराद हसले. पण लगेच म्हणाले, ‘ते ठीक. दिवस कोणता?’

पुढील काळात ही हौस दरबारातून आणि मठांतून सामान्य लोकांत उतरली. सोळाव्या शतकातील चित्रकार कानो हिदेयोरी याचा क्योतोजवळील ताकाओच्या मोमिजी-दर्शनाचा पडदा तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो राष्ट्रीय ठेवा मानला जातो. कियोताकी नदीच्या काठी झाडांखाली स्त्रिया मुलाबाळांसह गोल करून बसल्या आहेत, दुसरीकडे पुरुषांचा घोळका खाण्यापिण्यात आणि नाचण्यात दंग आहे, चहा विकणाराही हजर आहे. पानांकडे एकटक पाहणारे त्या गर्दीत थोडेच. सहल ही पानांच्या निमित्ताने माणसांनी एकमेकांस भेटण्याची गोष्ट आहे, हे त्या चित्राइतके स्पष्ट आम्हांला कोठे दिसले नाही. त्याच सुमारास या विषयाने रंगभूमीवरही पाऊल टाकले होते. कान्झे नोबुमित्सु (मृत्यू १५१६) याच्या ‘मोमिजी-गारी’ या नो नाटकात तोगाकुशीच्या डोंगरात पानांखाली मेजवानी करणाऱ्या सुंदर स्त्रिया वाटसरू योद्ध्याला मद्य पाजतात आणि नंतर राक्षसी रूप प्रकट करतात. याच कथेच्या काबुकी रूपाचे १८९९ साली चित्रण झाले. उपलब्ध जपानी चित्रपटांत तो सर्वांत जुना मानला जातो.

क्योतोतील तोफुकु-जी या मंदिराची हकिगत मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. परंपरा अशी सांगते की, पंधराव्या शतकाच्या आरंभी तेथील भिक्षू-चित्रकार मिन्चो याने बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य चित्र काढले. चौथा आशिकागा शोगुन योशिमोची याने प्रसन्न होऊन त्याला हवे ते मागायला सांगितले. मिन्चोने धन मागितले नाही, पद मागितले नाही. मंदिराच्या आवारातील चेरीची झाडे तोडून टाकावीत एवढेच मागितले. चेरी फुलली की लोक लोटतील आणि साधनेचे स्थान मौजमजेचे होईल, ही त्याची भीती होती. चेरी गेल्या, मेपल राहिले. तेथील दरीवरचा त्सूतेन-क्यो हा पूल प्रथम १३८० मध्ये बांधला गेला. १९५९ च्या वादळात तो कोसळला आणि १९६१ मध्ये पुन्हा उभारला. आज त्या पुलावरून दिसणारा मेपलांचा लाल सागर पाहण्यासाठी नोव्हेंबरात एवढी माणसे येतात की २०१६ पासून ऐन हंगामात पुलावरून छायाचित्रे घेण्यास मंदिराला बंदी घालावी लागली. गर्दी टाळण्यासाठी फुले नाकारणाऱ्या मिन्चोला त्याच्या पानांनी गाठले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सामान्य माणूस सहलीला निघू लागला, तेव्हा त्याला तिथी हवी होती. येथे जुन्या जपानी पंचांगाची अडचण आपल्या वाचकांस चटकन कळेल. ते पंचांग आपल्यासारखेच चांद्र-सौर होते. त्यात अधिक महिना येई. त्यामुळे दहाव्या महिन्याची दशमी एखाद्या वर्षी लवकर तर एखाद्या वर्षी जवळजवळ महिनाभर उशिरा पडे. आपली दिवाळी मागे-पुढे होते आणि मकरसंक्रांत तशी होत नाही, तसाच हा प्रकार. पाने चंद्राला ओळखत नाहीत. ती सूर्याची आणि थंडीची मिंधी. म्हणून एदोतील, म्हणजे आजच्या तोक्योतील, ऋतुपुस्तिकांनी एक युक्ती केली. १८२७ साली निघालेली एदोच्या फुलांची दिनदर्शिका किंवा १८३८ चे साइतो गेश्शिनचे वार्षिक उत्सवांचे पुस्तक यांसारख्या ग्रंथांच्या परंपरेत फुलापानांचा काळ महिन्याच्या तिथीने न सांगता वर्षाच्या चोवीस सौर संधींपैकी एखाद्या संधीपासून अमुक दिवसांनी, असा सांगत. शिनागावा येथील काइआन-जी मंदिरासारखी स्थळे तेव्हा मोमिजीसाठी गाजलेली होती. दुकानातून सुट्टी काढून, शिदोरी बांधून, पायी निघणाऱ्या कारागिराला आणि त्याच्या कुटुंबाला या मोजणीचा केवढा आधार वाटला असेल! १ जानेवारी १८७३ पासून जपानने पाश्चात्त्य सौर दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा माणसांची तारीख आणि पानांची तारीख निदान एकाच सूर्याच्या हिशेबात आल्या.

पानांचा रंग का बदलतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे. दिवस लहान व थंड होऊ लागले की पानातले हरितद्रव्य मोडते. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच. हिरव्याआड दडलेला तो आता उघडा पडतो. लाल रंग मात्र पान शेवटच्या काळात, साखरेच्या आधाराने, नव्याने तयार करते. रात्रीचे किमान तापमान आठ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की मेपल रंगू लागतो, पाच-सहा अंशांवर ही क्रिया वेग घेते. लख्ख ऊन आणि रात्रीचा गारवा यांतील तफावत मोठी असेल तर रंग चढतो. जपानच्या हवामान खात्याने १९५३ पासून देशभर ठरावीक नमुना-वृक्षांची पद्धतशीर नोंद ठेवली आहे. झाडावरची बहुतेक पाने लाल होऊन हिरवा रंग जवळजवळ दिसेनासा झाला की तो ‘रंगदिवस’. २०२१ पासून खात्याने पक्षी-कीटकांच्या नोंदी थांबवल्या आणि केवळ सहा वनस्पती ठेवल्या. त्या सहांत मेपल आणि गिंको आहेत. सप्टेंबरच्या मध्यास होक्काइदोतील दाइसेत्सुझान पर्वतावर रंगाची लाट उठते आणि डोंगर उतरत, दक्षिणेकडे सरकत, डिसेंबरच्या आरंभी क्यूश्यूच्या सखल भागात पोहोचते. खासगी हवामान-संस्था आठवड्याआठवड्याला तिचे अंदाज प्रसिद्ध करतात.

तेव्हा आता तरी तिथी सापडली, असे म्हणावे काय? दुर्दैवाने त्याच नोंदवह्या वेगळे सांगतात. १९५३ पासूनच्या आकड्यांवरून देशभरातील मेपलचा रंगदिवस सरासरीने दर दहा वर्षांत सुमारे तीन दिवस पुढे सरकतो आहे. सात दशकांचा हिशेब केला तर हे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांचे होते. हवा तापत आहे, शहरे अधिकच. थंडी उशिरा येते आणि पाने तिची वाट पाहत हिरवी राहतात. जुन्या सौर गणनेत हिवाळ्याचा आरंभ ७ नोव्हेंबरच्या सुमारास होतो. काव्यात मोमिजी शरदाची, पण क्योतोच्या मंदिरांत ती नोव्हेंबरच्या अखेरीस आणि काही ठिकाणी डिसेंबरात रंगते. म्हणजे शरदाचे हे मुख्य लेणे पंचांगाप्रमाणे हिवाळ्यात जाऊन पडले आहे. तादाहिराने पानांना थांबण्याची विनंती केली होती. आज ती खरोखरच थांबू लागली आहेत, आणि ही गोष्ट आनंदाची नाही.

अशा स्थितीत आधार पुन्हा जुन्या शहाणपणाचाच घ्यावा लागतो. केन्कोने आपल्या ग्रंथाच्या एकशे सदतिसाव्या प्रकरणात विचारले आहे की, फुले केवळ पूर्ण बहरातच आणि चंद्र केवळ निरभ्र आकाशातच पाहायचा असतो काय? तो फुला-चंद्राविषयी बोलला. पण जपानी भाषेने तेच पानांना लावले आहे. पहिल्या रंगलेल्या पानांना ‘हात्सु-मोमिजी’ म्हणतात, फिकट रंग चढू लागलेल्यांना ‘उसु-मोमिजी’, गळणाऱ्यांना ‘चिरी-मोमिजी’, आणि हिवाळ्यात मागे उरलेल्यांना ‘फुयु-मोमिजी’. ज्या अवस्थेला नाव आहे ती पाहण्याजोगी आहे, असाच याचा अर्थ. ऐन रंगाला तेथे ‘मिगोरो’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ‘पाहण्याजोगा काळ’ असा होतो. त्यात एका दिवसाचा हट्ट नाही.

आम्ही आमच्या स्नेह्यांना जे लिहून दिले ते असे. तारीख एक धरू नये. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरावा आणि क्योतोत मुक्काम ठेवावा. रंग डोंगरावरून खाली उतरतो, म्हणून दिवसापेक्षा उंचीचा विचार करावा. शहरातली पाने हिरवी आढळली तर ताकाओच्या डोंगराकडे जावे. तेथे रंग आधी येतो. ताकाओत पाने गळून गेली असतील तर तोफुकु-जीकडे उतरावे. तेथेही उशीर झाला असेल तर शिमोगामो देवस्थानच्या तादासु वनात जावे, ते शहरात सर्वांत शेवटी रंगते. आणि कोठेच जमले नाही तर नुकादाप्रमाणे जे पान हाती येईल ते घ्यावे, व हिरवी राहिलेली मागे ठेवावीत.

स्नेह्यांनी कागद दोनदा वाचला. ‘म्हणजे नेमका दिवस नाहीच तर,’ ते म्हणाले. काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी चिरंजीवांना फोन लावला आणि सांगितले की तिकिटे शेवटच्या आठवड्याची काढ, पण मधले चार दिवस कसलाही कार्यक्रम आखू नकोस. ‘तुझ्या आईला जिकडे पाने दिसतील तिकडे जाऊ,’ असे ते शेवटी म्हणाल्याचे आम्ही ऐकले.